मालदांडीला फेस

बीड जिल्ह्यात राहायचं तर माणसाला दोन विषयांवर मत असावं लागतं, राजकारण आणि ज्वारी. राजकारणावरचं मत निवडणुकीगणिक फिरवलं तरी कुणी नावं ठेवत नाही. ज्वारीवरचं मत मात्र दुधाचे दात पडायच्या आत ठरतं आणि मरेपर्यंत फिरत नाही. मालदांडी ज्वारी खाणाऱ्या घरातल्या पाहुण्याला हायब्रीडची भाकरी वाढली तर तो ताटावरून उठून जात नाही, 'झकास झालंय सगळं' असंही म्हणतो. पण पुढच्या लग्नसराईत त्या घराविषयी काय बोलायचं ते त्याच घासाला पक्कं झालेलं असतं.

मोंढ्यात ज्वारी घेणारा माणूस कधी जवळून बघा. पोत्यात हात कोपरापर्यंत घालतो, कारण वरची ज्वारी दाखवायची असते आणि विकायची खाली असते. मूठभर काढून एका तळहातावरून दुसऱ्यावर ओततो, फुंकर मारतो. मग एकच दाणा उचलून दाढेखाली धरतो आणि डोळे मिटतो. 'कट्' असा आवाज आला की डोळे उघडतात. मग प्रश्न सुरू. रान काळं की मुरमाड? काढणीला भिजली का? गाव कुठलं? गावाचं नाव ऐकल्यावर तिथल्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी होते. एवढं होऊनही तो पोतं उचलत नाही. किलोभर घरी नेतो. त्याची भाकरी होते. थापताना कड फाटली का, तव्यावर फुगली का, आणि रात्रीची भाकरी सकाळी दुधात कुस्करायला मऊ राहिली का, हे बघितल्यावर मग क्विंटलाच्या भावाचं बोलणं.

धान्याची इतकी चिकित्सा करणारी जमात पृथ्वीच्या पाठीवर आमचीच, असा माझा समज होता. मग भाचा सुट्टीवर आला.

भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. आठवडाभर संगणकासमोर बसतो आणि शनिवार-रविवारी गॅरेजात बिअर करतो. तिकडे १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. त्यामुळे त्याची गाडी बाहेर पावसात भिजते आणि गॅरेजात पातेली, नळ्या, थर्मामीटर सुखात राहतात. त्याच्या मोबाइलात बायकोचे फोटो कमी आणि धान्याचे जास्त. बायकोनेही आता वाद घालणं सोडलंय. पाहुणे आले की तीच त्यांना गॅरेज दाखवायला नेते आणि स्वतः आत जाऊन टीव्ही लावते.

त्याने समजावून सांगितलं. बिअर जवापासून होते. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, की झाला माल्ट. भाजलेले, करपवलेले असे नाना माल्ट रंगा-चवीपुरते थोडे थोडे पडतात. पण बरेचदा दर शंभर भागांतले ऐंशी-नव्वद भाग एकाच साध्या माल्टचे असतात. तो बेस माल्ट. साखर त्याच्यातून येते, आणि स्टार्चची साखर करणारी एन्झाइमंही त्याच्याचकडे असतात. 'बेस माल्ट बदलला की सगळंच बदलतं, मामा,' असं तो इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला की घरात कुणी वारलं की काय असं आमच्या हिला वाटलं.

मग तो मॅरिस ऑटरवर आला. ही इंग्रजांची जवाची जुनी जात. १९६० च्या दशकात केंब्रिजच्या पैदास संस्थेत प्रॉक्टर आणि पायोनियर या दोन जातींचा संकर करून काढलेली. संस्था ज्या मॅरिस लेनवर होती तिचं नाव जातीला चिकटलं. पुढे एकरी जास्त उतारा देणाऱ्या जाती आल्या, मॅरिस ऑटर शिफारशीच्या यादीतून गेली, शेतकऱ्यांनीही हात आखडला. पण बिअर करणारे अडून बसले. आम्हाला तीच पाहिजे, जास्त पैसे घ्या पण तीच द्या. म्हणून ती आजही पिकते आणि आजही महाग मिळते. भाच्याच्या ओळखीतले लोक तिचा दाणा विकत घेण्याआधी दाढेखाली धरून बघतात म्हणे. मी विचारलं, 'आवाज येतो?' तो म्हणाला, 'यायलाच पाहिजे.'

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हंजी त्येंची मालदांडी."

यापुढे काही सांगायची गरजच उरली नाही. मालदांडी ३५-१ ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्राची जुनी निवड. तिच्यानंतर परभणीच्या विद्यापीठाने परभणी मोती दिली, राहुरीने फुले वसुधा दिली, फुले रेवती दिली. सगळ्या गुणी. उतारा जास्त, ताटं दणकट. शेतकरी त्या पेरतोही. पण घरी खायला म्हणून जे अर्धा एकर ठेवायचं त्यात काय पेरलं असं विचारलं की तो जरा इकडेतिकडे बघून 'मालदांडी' म्हणतो.

गावाकडून माझा चुलतभाऊ आला होता. तो भाच्याचं सगळं शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला.

"त्या ऑटरचा कडबा कसा असतो?"

भाचा गप्प. त्याने मॅरिस ऑटरची प्रथिनं सांगितली, ओलावा सांगितला, एन्झाइमांची ताकद लिंटनर नावाच्या मापात मोजतात तेही सांगितलं. चुलतभाऊ म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ दे. जनावर खातं का?" हे भाच्याला सांगता येईना. ज्या धान्याचा कडबा माहीत नाही त्याचं कौतुक करणाऱ्या माणसाविषयी चुलतभावाचं मत त्या क्षणी झालं, आणि वर म्हटल्याप्रमाणे आमच्याकडे अशी मतं फिरत नाहीत.

आता भाच्याच्या मनात काय होतं ते सांगतो. त्याच्या ऑफिसात एकाला ग्लुटेन सोसत नाही. गहू बंद, जव बंद, म्हणजे बिअरही बंद. ज्वारीत ग्लुटेन नसतं. तर जवाऐवजी ज्वारीचाच बेस माल्ट केला तर? आणि बीडचा भाचा असताना तो लीड्सच्या दुकानातून कशाला आणायचा? ज्वारीचा माल्ट कसा होतो ते आजोळी शिकून जावं, असा त्याचा बेत.

कल्पना त्याच्या एकट्याच्या डोक्यातली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत बायका पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या माल्टची आणि मक्याची उमकोंबोथी नावाची बिअर घरोघरी करत आल्या आहेत, दाट आणि आंबट. नायजेरियाने तर १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयातच बंद केली. तिथले मोठमोठे बिअरचे कारखाने ज्वारी-मक्यावर आले. गिनेस ही आयर्लंडची काळीकुट्ट बिअर, तीसुद्धा तिथे ज्वारीच्या आश्रयाला गेली. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच राज्य सरकारने २००७ मध्ये धान्यापासून मद्य काढणाऱ्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान द्यायचं धोरण आणलं होतं. पावसात काळी पडलेली ज्वारी कुणी घेत नाही, तिचं भलं होईल, हा त्यातला शेतकरीहिताचा भाग. दारूबंदीसाठी झटणाऱ्या अभय बंगांसारख्यांनी त्याविरुद्ध रान उठवलं, परवाने कुणाकुणाच्या घरी गेले यावर वर्तमानपत्रं बरेच दिवस चालली. शेतकऱ्याच्या ज्वारीचं काय झालं ते शेतकऱ्याला विचारायचं राहून गेलं.

आफ्रिकेतली बिअर आधी आंबवतात आणि मग फसफसवतात हे ऐकून आई पहिल्यांदा तांदूळ बाजूला ठेवून बसली. "आंबीलच की मग." अंबाजोगाई-परळीकडे आणि पुढे लातूरपर्यंत येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात आंबील नेतात. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, आदल्या दिवसापासून आंबवलेलं. दुपारी भज्जी-भाकरीवर तांब्या-तांब्याने ती रिचवली की भलीभली माणसं बांधावर आडवी होतात आणि ऊन उतरल्यावर उठतात. भाचा म्हणाला, 'आजी, त्यात अल्कोहोल नसतं, लॅक्टिक आम्ल असतं.' आजी म्हणाली, "आमाला झोप लागती."

बेत ठरला, आणि मग शेजारच्या अण्णांना बोलावलं. अण्णा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्य हातभट्ट्या फोडण्यात गेलं. अजूनही कुठे गुळाचा वास आला की त्यांच्या नाकपुड्या हलतात. त्यांनी भाच्याला कायदा सांगितला. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो, एक दिवसाचा ५ रुपयांना मिळतो, आणि तो खिशात असलेला माणूस मी नोकरीत क्वचितच पाहिला, असं अण्णा म्हणाले. करायला तर लायसन पाहिजेच. पुण्यात २००९ मध्ये डूलालीवाल्यांनी हॉटेलातच बिअर करायला सुरुवात केली, ती रीतसर लायसन घेऊन. घरात करता येत नाही. कलम ६५.

"पण मी बिअर करतच नाहीये," भाचा म्हणाला. "माल्ट करणार. त्याचं गोड पाणी काढून चव बघणार. यीस्ट टाकणारच नाही."

अण्णा विचारात पडले. मोड आणलेलं धान्य गुन्हा नाही, नाहीतर राज्यातल्या सगळ्या उसळी आत गेल्या असत्या. पातेलं गुन्हा नाही. गाळायचं फडकं गुन्हा नाही. पण नशेची वस्तू करण्याच्या हेतूने पातेलं बाळगलं तर तो गुन्हा. म्हणजे सगळं हेतूवर. पातेल्याकडे बघून हेतू कळत नाही, त्यामुळे हेतू कुणाचा हा प्रश्न आला. सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईचा हेतू पेज करण्याचा होता. अण्णांनी तो ग्राह्य धरला. जाताना म्हणाले, "यीस्ट टाकलंत तर मी तुमचा शेजारी नाही."

तुलनेसाठी म्हणून भाचा जव शोधायला बाजारात गेला. बीडमध्ये जवाला दोनच गिऱ्हाइकं, होमहवनवाले आणि मूतखडावाले. किराणा दुकानदाराने पुडी बांधता बांधता अत्यंत आपुलकीने विचारलं, "डावीकडं का उजवीकडं?" भाच्याला कळेना. दुकानदाराने स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवलं. मग रांगेतल्या तिघांनी आपापल्या खड्यांचे आकार सांगितले. एकाने हळूच जवळ येऊन, जवाच्या पाण्यापेक्षा सरळ बिअरच घेत जा, डॉक्टर तोंडाने सांगत नाहीत पण त्यांचं तेच मत असतं, असा सल्ला दिला. मूतखड्याच्या नावाने महाराष्ट्रात जेवढी बिअर प्याली जाते तेवढे मूतखडे महाराष्ट्रात नसावेत. ते जव पॉलिश केलेले होते, त्यांना मोड येणं शक्य नव्हतं. ते आम्ही सत्यनारायणासाठी ठेवून दिले.

मोड चांगले यावेत म्हणून भाच्याने कृषी सेवा केंद्रातून ज्वारीच्या बियाण्याची पिशवी आणली. उगवणशक्तीचा आकडाच छापलेला, याहून खात्रीचं काय? आईने पिशवी फोडून ताटात ओतली. दाणे गुलाबी होते. "आरं लेकरा, ह्ये पेरायचं बी हाय. औषध चोळलेलं असतंय." बियाण्याला बुरशी-किडीची औषधं लावतात आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणूनच त्याला रंग देतात. ती पिशवी चुलतभावाने तत्काळ ताब्यात घेतली. शेवटी आईने कोठीतली, लिंबाचा पाला घालून ठेवलेली गेल्या सालची मालदांडी काढली. आणि तिथे भाचा चमकला. नव्या काढलेल्या धान्याला मोड लवकर येत नाहीत, ते काही काळ झोपलेलं असतं. माल्ट करणारे धान्य मुद्दाम मुरू देतात. आईला हे कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. नवी ज्वारी बाधते म्हणून ती जुनी आधी संपवते, एवढंच.

ज्वारी भिजत घातली, आणि बीडचं पाणी आडवं आलं. भिजवण्याचं पाणी दर काही तासांनी बदलायचं, असं शास्त्र. आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं हा पंचांगाचा विषय आहे. बोअरचं पाणी आहे, पण ते इतकं जड की कुकरच्या तळाला चुन्याचा थर धरतो. भाचा मात्र खूश. इंग्लंडात बर्टन नावाचं गाव तिथल्या जड पाण्यामुळेच बिअरसाठी जगप्रसिद्ध झालं म्हणे. मी म्हणालो, आमचंही व्हायला हवं होतं. पण बर्टनच्या पाण्यात जिप्सम आहे आणि आमच्या पाण्यात नुसता चुना, असा त्याने निर्वाळा दिला. तसं मराठवाड्यात बिअरचं पाणी हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी निम्मी आणि मग ६० टक्के कपात करायला लावली होती. भाच्याने माल्टचं पाणी बदललं की ते आई तुळशीला आणि कर्दळीला घालायची. तेवढाच खंडपीठाचा मान.

भिजलेली ज्वारी ओल्या पोत्यात घालून माजघरात ठेवली. इंग्लंडात जव थंडाव्यात, पंधरा-वीस अंशांत मोडवतात. ज्वारीला पंचवीस ते तीस अंश लागतात. म्हणजे आमचं जानेवारीतलं माजघर. भाच्याने थर्मामीटर लावला, आकडा बघितला आणि 'परफेक्ट' म्हणाला. बीडच्या हवेला आजवर इतकं चांगलं कुणी म्हटलं नव्हतं. पोतं अधूनमधून उघडून मोड हलक्या हाताने सुटे करायचे, नाहीतर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि आतून गरम होऊन कुबट वास सुटतो. हे काम आईने भाच्याला करू दिलं नाही. त्याची बोटं मोड मोडतात, असं तिचं म्हणणं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पिकाच्या पोंग्याजवळ गुरं जाऊ देत नाहीत. तेच द्रव्य मोडातही तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून मूग-मटकीसारखी मोडाची ज्वारी कच्ची खायची नसते. आफ्रिकेतल्या बायका काय करतात? माल्ट कडक वाळवतात आणि मग चोळून मोड-मुळ्या झाडून टाकतात. आम्हीही तेच केलं. गच्चीवर उन्हात अंथरून, चिमण्यांशी भांडत वाळवलं. आईने ते सुपात घेऊन दोन्ही तळव्यांत चोळलं आणि पाखडायला बसली. सूप वर जायचं, पिवळट मुळ्यांचा भुसा वाऱ्यावर निघून जायचा आणि दाणे सळकन परत सुपात यायचे. भाचा मोबाइलवर चित्रण करत होता. त्याच्या गॅरेजात या कामासाठी यंत्र आहे. ते यंत्र मुळ्या काढतं पण निम्मे दाणे घरभर उडवतं, असं त्याने कबूल केलं. भुसा मात्र चुलतभाऊ न्यायला निघाला तेव्हा आईने अडवलं. जनावराला घालू नको, खतात टाक.

पीठ आमच्याच गिरणीत जाडसर काढलं. आणि शिजवायच्या दिवशी कळलं की ज्वारी हा बेस माल्ट म्हणून किती आडमुठा प्राणी आहे.

जवाचं बरं असतं. पाणी ६५ अंशांच्या आसपास ठेवलं की त्याचं स्टार्च फुलतं आणि त्याच उष्णतेला त्याची एन्झाइमं कामाला लागतात. तासाभरात गोड पाणी तयार. ज्वारीचं स्टार्च ७० च्या पुढे जाईपर्यंत फुलायला तयार नाही, आणि तिथवर तापवलं की एन्झाइमं मरायला लागतात. त्यात साखर करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम तिच्याकडे मुळातच कमी. म्हणजे स्वयंपाक तयार व्हायच्या आत आचारी गतप्राण. यावर उपाय असा: आधी पीठ कोमट पाण्यात कालवायचं. एन्झाइमं पाण्यात उतरतात. ते वरचं पाणी अलगद ओतून बाजूला ठेवायचं. खालचा चोथा खदखदून शिजवायचा, मग ६५ अंशांपर्यंत निववायचा, आणि बाजूला ठेवलेलं पाणी पुन्हा त्यात ओतायचं. हे वाचायला सोपं आहे. करताना गॅसवर एक पातेलं, ओट्यावर दुसरं, मध्ये थर्मामीटर घेतलेला भाचा, आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून दारात उभी आमची ही, अशी परिस्थिती होती.

पाणी परत ओतल्यावर मात्र जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. पातेल्यात खळीसारखी घट्ट पेज होती, पळी उभी राहत होती. हळूहळू ती सैल झाली, मग पातळ झाली, आणि पळी आडवी पडली. घट्ट पेजेतलं स्टार्च तुटून साखर होत होतं. भाच्याने बशीत थेंब घेऊन त्यावर जखमेला लावायचं आयोडीन टाकलं. काळंनिळं झालं, म्हणजे स्टार्च शिल्लक. थोड्या वेळाने पुन्हा टाकलं, निळसर. आईने करंगळी बुडवून चाटली आणि म्हणाली, "अजून जरा." मग एकदा करंगळी चाटून "झालं" म्हणाली. भाच्याने आयोडीन टाकलं. रंग बदलला नाही. त्याने करंगळीची नोंद वहीत केली.

गाळताना आणखी पंचाईत. जवाला टरफल असतं, त्याचाच गाळणीसारखा थर बसतो. ज्वारी मळणीतच उघडी होते, तिला टरफल नाही. पंचा चोंदला. दोघांनी दोन टोकांनी पिळला. अण्णा वासाच्या मागावर येऊन दारात उभे राहिले आणि पंचा पिळणारी दोन माणसं पाहून त्यांचे जुने दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले असावेत, कारण त्यांचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला.

रस सगळ्यांनी पेल्यातून प्यायला. गोड, किंचित तुरट, मागे हुरड्याचा वास. अण्णांनी हुंगला, चाखला आणि निरपराध ठरवला. चुलतभाऊ म्हणाला, साखर एवढी निघते तर कारखान्याला ऊस कशाला घालायचा? आईने घोट घेतला आणि तिचा चेहरा पडला. "मिलोवानी लागतंय." १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या जिभेवरून ती कधी गेली नाही. भाच्याच्या श्रमांवर याहून मोठा आघात शक्य नव्हता. तिने पेला मात्र पूर्ण संपवला. बहात्तर पाहिलेली माणसं काही टाकत नाहीत.

सुट्टी संपली, भाचा गेला. लीड्सच्या गॅरेजात त्याने भारतीय दुकानातली ज्वारी घेऊन हाच सगळा खटाटोप पुन्हा केला, मोडापासून पंचापर्यंत, आणि तिथे कायद्याने मोकळीक असल्याने यीस्टही टाकलं. फसफसली, बाटल्यांत भरली. व्हिडिओ कॉलवर आम्हाला ओतून दाखवली. रंग फिकट, गढूळ. फेस आला, सगळे 'वा' म्हणायला तोंड उघडतात तोवर गेला. जवातली प्रथिनं फेस धरून ठेवतात, तेवढं ज्वारीला जमत नाही. चवीला आंबटसर कड होती. ऑफिसातल्या त्या ग्लुटेनवाल्याने बाटली प्यायली आणि 'इंटरेस्टिंग' म्हणाला. मुलगी बघून गेलेले पाहुणे 'घरी विचारून कळवतो' म्हणतात, तसं ते. पण त्याने दुसरी बाटली मागून घेतली हेही खरं आहे. बरीच वर्षं बिअर न मिळालेल्या माणसाचा चवीचा निकाल किती धरायचा, हा भाग वेगळा.

आता भाचा ग्लुटेनवाल्यासाठी ज्वारीत विकतची एन्झाइमं घालतो आणि स्वतःसाठी मॅरिस ऑटरवर परत गेला आहे. तिचा कडबा कसा असतो हे त्याने तिथल्या एका शेतकऱ्याला विचारलंही. चुलतभावाला निरोप आला की जनावर खातं. चुलतभावाने मत फिरवलं नाही, पण 'बरं' म्हणाला.

माझा स्वतःचा निकाल विचाराल तर ज्वारीचा बेस माल्ट होतो, चांगला गोड होतो, पण मालदांडी त्यासाठी वापरणं ही उधळपट्टी आहे. या खटाटोपात कोठीतली चांगली ज्वारी गेली आणि मोंढ्यात सध्या जी दिसते तिची रात्रीची भाकरी सकाळी तुटते. तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे, विशेषतः पाटोदा-आष्टीकडे, काळ्या रानातली, काढणीला न भिजलेली मालदांडी किंवा दगडी ज्वारी विकायची असेल तर जरूर कळवावं. गुलाबी नको. आधी किलोभर नेऊन भाकरी करून बघू, मग भावाचं बोलू.